पंचनाम्याने कोळेरोग जात नाही

चतुर्थीच्या आदल्या दिवसांत फोंडा, डिचोली किंवा म्हापशाच्या माटोळीच्या बाजारात एक फेरी मारली, की त्या वर्षीच्या पावसाने आमच्या कुळागरांचे काय केले हे कोणत्याही सरकारी अहवालाची वाट न पाहता समजते. माटोळीत नारळाच्या बरोबरीने मान सुपारीच्या घडाला. घड भरदार असेल तर पावसाने मधूनमधून उघडीप दिली असे समजावे. तोच घड विरळ, निम्मे देठ रिकामे आणि उरलेल्या सुपाऱ्यांच्या टोपीपाशी काळपट ओलसर डाग, असा दिसला म्हणजे मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नक्षत्रे एकसारखी कोसळली आणि कोळेरोगाने आपला वाटा आधीच उचलला, हे सांगायला ज्योतिषी नको. गिऱ्हाईक भाव ऐकून कपाळाला आठ्या घालते. विकणाऱ्याला त्या आठ्यांचे काही वाटत नाही, कारण बागेत झाडांखाली कुजून गेलेल्या सुपारीचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो.

यानंतरचा क्रमही आता ठरून गेलेला आहे. बागायतदार अर्ज करतो. विभागीय कृषी कार्यालयाचा माणूस येतो, झाडे मोजतो, छायाचित्रे घेतो, पंचनामा होतो. कागद पुढे सरकतात आणि यथावकाश शेतकरी आधार निधीतून काही रक्कम खात्यावर जमा होते. ही मदत देऊ नये असे आम्ही कदापि म्हणणार नाही. ज्याचे वर्षाचे उत्पन्न पंधरा दिवसांत मातीत गेले त्याला आधार देणे हे लोकनियुक्त सरकारचे कर्तव्यच होय. आमची तक्रार निराळी आहे. हा रोग पावसाळ्याबरोबर येतो, साधारण त्याच दिवसांत येतो, तो कसा येतो हे शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे आणि त्याला अडवण्याचा उपायही जवळजवळ तितकाच जुना आहे. असे असता सरकार, सहकारी संस्था आणि स्वतः बागायतदार या सर्वांची धावपळ सुरू होते ती सुपारी गळून पडल्यावर. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण ज्यांच्या भाषेत आहे, त्यांनी तरी दरवर्षी तीच म्हण नव्याने खरी करून दाखवण्याचे कारण नाही.

कोळे हा कानडी शब्द असून त्याचा अर्थ कुजणे. पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले की कोवळ्या सुपारीच्या टोपीजवळ पाणी मुरल्यासारखा गडद हिरवा डाग पडतो. तो पसरत जातो, फळाची चकाकी जाते आणि सुपारी गळते. गळलेल्या सुपारीवर थोड्याच दिवसांत पांढरी लव चढते. ही लव म्हणजेच रोगाचे बियाण्याचे शेत. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या धरतात. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर आणि वाऱ्याबरोबर त्या शेजारच्या झाडावर जातात, ओल्या फळावर पडल्या की फुटतात, आणि त्यांतून शेपट्या असलेली सूक्ष्म बीजे बाहेर पडून पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहत फळाच्या सालीत शिरतात. पोहायला पाणी हवे, म्हणून हा रोग पावसाचा. हवेतला गारवा, दिवसेंदिवस न सुकणारी साल, झाडांची दाटी आणि तुंबलेले पाट, एवढे त्याला मिळाले की आणखी काही लागत नाही. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी ज्या घडाला तो धरतो त्याची फळे गळत नाहीत. ती झाडावरच सुकून काळी पडतात, आणि तो काळा घड कोणी उतरवला नाही तर पुढच्या मृगाची वाट पाहत शेंड्याशी तसाच लटकत राहतो. कधी कधी रोग शेंड्यातच उतरतो आणि मग एका वर्षाचे पीक नव्हे, झाडच जाते. हा वाळका घड वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

ज्या कुळीतला हा रोग आहे तिला शास्त्रज्ञांनी फायटोफ्थोरा हे नाव दिले. झाडांचा नाश करणारा, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. दिसायला बुरशी, पण खऱ्या बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी नाते जवळचे. म्हणूनच बुरशीवरची पुष्कळशी औषधे याच्यावर चालत नाहीत. मिऱ्याची वेल आठ-पंधरा दिवसांत माना टाकते तो मर याच कुळीचा. आणि १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर जो करपा पडला तोही याच कुळीचा. त्या देशातील गरिबांचे पोट एकट्या बटाट्यावर होते, आणि तोही बहुतांशी एकाच जातीचा बटाटा होता. एका झाडाला जो रोग रोखता आला नाही तो एकाही झाडाला रोखता आला नाही. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्या वेळी अन्नधान्य आयर्लंडबाहेर जातच होते, हा राज्यकर्त्यांचा गुन्हा वेगळा. पण पहिली ठिणगी पडली ती एका पानावरच्या डागाची.

उपाय सापडला तो फ्रान्समध्ये, आणि तोही थोडा अपघातानेच. बोर्डो शहराच्या आसपास रस्त्याच्या कडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी शिंपडण्याची तेथील मळेवाल्यांची रीत होती. हेतू एवढाच की, येणाऱ्याजाणाऱ्याने वेल विषारी समजून घड तोडू नयेत. १८८२ साली मिलार्दे या प्राध्यापकाच्या ध्यानात आले की, आतल्या वेलींची पाने केवडा रोगाने झडली असता रस्त्याकडेच्या या निळ्या वेली मात्र हिरव्यागार उभ्या आहेत. त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. चोरासाठी केलेली युक्ती रोगावर लागू पडली. आमच्या भागात हे मिश्रण सुपारीपर्यंत आणण्याचे श्रेय लेस्ली कोलमन या म्हैसूर संस्थानच्या सेवेतील कॅनडियन शास्त्रज्ञाकडे जाते. १९१० साली त्याने कोळेरोगाचा शोध घेऊन त्याचे कारण सप्रमाण मांडले. तोवर घाटावरचे बागायतदार काय करीत? पोफळीच्या झावळीची रुंद विरी किंवा गवत घेऊन प्रत्येक घडाला टोपी बांधीत. उपाय शहाणपणाचा होता, कारण घडावर पाणीच पडू द्यायचे नाही हे मर्म त्यांनी शास्त्रज्ञांच्या आधी ओळखले होते. आज काही ठिकाणी प्लास्टिकच्या पिशव्या बांधतात तो त्याच जुन्या टोपीचा अवतार.

या निळ्या पाण्याविषयी एक गोष्ट ठासून सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या बागायतदारांचा निम्मा पैसा तिच्या अज्ञानात वाया जातो. बोर्डो मिश्रण हे औषध नव्हे, चिलखत आहे. फळात शिरलेल्या रोगाला ते काहीही करू शकत नाही. फळाच्या सालीवर त्याचा पातळ थर बसतो, आणि त्या थरावर येऊन पडलेले बीज आत शिरण्याआधीच तांब्याने मरते, एवढेच त्याचे कार्य. म्हणून पहिली फवारणी पाऊस लागण्याच्या आधी, मे महिन्याच्या अखेरीस वा फार तर जूनच्या पहिल्या दिवसांत झाली पाहिजे. दुसरी त्यानंतर चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी, आणि पाऊस लांबला तर तिसरी. पाच-पन्नास सुपाऱ्या खाली दिसल्यावर घाईघाईने माणूस शोधणारा बागायतदार वस्तुतः लढाई हरल्यावर चिलखत चढवीत असतो.

कृतीही वाटते तितकी सोपी नाही. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चांगला कळीचा चुना वेगळ्या पन्नास लिटर पाण्यात, आणि मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतीत ढवळावयाचे. उलटे नव्हे. भांडे लोखंडाचे असता कामा नये. तयार झालेल्या मिश्रणात घासून लख्ख केलेला चाकू क्षणभर धरावा. पात्यावर तांबूस छटा चढली तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा, नाहीतर कोवळे घड करपतात. आणि ते त्याच दिवशी संपवावे. बाजारातला जुना, हवा लागलेला चुना वापरून, आदल्या संध्याकाळी कालवून ठेवलेले पाणी मारणारे आणि मग बोर्डोला दोष देणारे लोक कमी नाहीत. कालनिर्णयावर ज्यांची इतकी श्रद्धा, त्यांची चाकूवरही थोडी असावी.

एवढे सगळे नीट केले तरी घड जमिनीपासून चाळीस-पन्नास फुटांवर. पूर्वी पोफळीवर चढणारा गडी एकदा वर गेला की शेंडा हलवून, झोका घेऊन दुसऱ्या झाडाचा शेंडा धरी आणि अशी कित्येक झाडे करूनच खाली उतरे. ती विद्या आज संपत आली आहे. तिच्यातले मोल कोणी मोजले नाही, पडून कंबर मोडलेल्या माणसाला कोणी विचारले नाही, मग त्याच्या मुलाने पणजीत वा वेर्ण्याला नोकरी धरली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला पोचतो? जे चढणारे उरले आहेत ते मेच्या अखेरीस दहा बागांत एकाच वेळी हवे असतात. परिणामी पहिली फवारणी जूनच्या मध्यावर जाते, म्हणजे ती न केल्यातच जमा. जमिनीवरून उभे राहून वापरता येणाऱ्या कार्बन तंतूंच्या लांब, हलक्या काठ्या आता शेजारच्या कर्नाटकात पुष्कळ बागांतून दिसतात. फवारणीही तिच्याने होते आणि काढणीही. वरून उडणाऱ्या यंत्राचे कौतुकही आम्ही ऐकतो. पण सुपारीचा घड झावळ्यांच्या खाली असतो आणि हे यंत्र शिंपडते ते झावळ्यांवर. तेव्हा प्रात्यक्षिकाच्या दिवशी टाळ्या वाजवण्यापूर्वी घडावर किती थेंब पोचले हे एकदा पाहावे.

मग ज्याला हा रोग होणारच नाही अशी सुपारी का नसावी, असा प्रश्न बागायतदार विचारतो. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे.

झाडाला वैद्य नाही, रक्त नाही, पळून जाण्याची सोय नाही. तरीही वाचकांनी विचार करावा, रानात हजारो प्रकारच्या बुरश्या आणि जिवाणू असता बहुतेक झाडे बहुतेक रोगांना दाद देत नाहीत. पहिला कोट पानाच्या आणि फळाच्या मेणचट सालीचा. भाताच्या पातीत गारेचा अंश जितका अधिक तितकी ती करप्याला कठीण. तो कोट ओलांडून कोणी आत आलेच तर झाडाची प्रत्येक पेशी पहारेकरी असते. परक्याचा स्पर्श ओळखला की ती पेशी स्वतःला आणि लगतच्या चार-दोन पेशींना मारून टाकते. जिवंत पेशीवरच जगणारा शत्रू त्या जळक्या खोलीत उपाशी अडकतो. निरोगी झाडाच्या पानावर कधीकधी टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात, त्यांतले काही हरलेल्या नव्हे, जिंकलेल्या चकमकींच्या खुणा असतात. त्याच वेळी झाडाच्या इतर भागांना सावध करणारे द्रव्य तयार होते. वाळुंजाच्या सालीतून ज्या द्रव्याच्या जातीचे तापावरचे औषध निघाले, त्याच जातीचे ते.

हा पहारा आनुवंशिक असतो हे १९०५ साली केंब्रिजच्या बिफेन यांनी गव्हावर दाखवले. मेंडेलच्या नियमाप्रमाणे तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण बापाकडून पोराकडे जातो, हे कळताच जगभर रोगप्रतिकारक जाती काढण्याचा उद्योग सुरू झाला. त्यातली अडचण १९४० च्या दशकात अमेरिकेच्या फ्लोर यांनी जवसावर काम करून उलगडली. झाडातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला रोगात एक जोडीदार जनुक असतो. कुलूप आणि किल्लीसारखे हे नाते आहे. शेतकऱ्याने एकच कुलूप लाखो एकरांवर लावले की किल्ली बनवण्याचे काम रोगाला सोपे होते, कारण कोट्यवधी बीजांतून एकाची जरी घडण बदलली तरी सारे शेत त्याचेच. दक्षिण आफ्रिकेच्या व्हान डर प्लांक यांनी १९६३ साली याला उभा आणि आडवा प्रतिकार अशी नावे दिली. उभा प्रतिकार म्हणजे एकाच मोठ्या जनुकाचा, पूर्ण पण ठिसूळ. आडवा म्हणजे लहानलहान अनेक गुणांचा. त्यात रोग येतो, पण रेंगाळत येतो, आणि तोवर पीक हाती लागते. दिखाऊपणा नसल्याने हा दुसरा प्रकार जाहिरातीत शोभत नाही. आमच्या मते टिकतो तोच.

हे शास्त्र आपल्या देशात नाही असे नाही. आंध्रात आणि दक्षिणेत आवडीने खाल्ला जाणारा सांबा मसुरी तांदूळ जिवाणूंच्या करप्याने हैराण झाला होता. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने आणि तेथील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने मिळून त्यात एक नव्हे, प्रतिकाराची तीन जनुके संकराने घातली. त्यांपैकी एक मुळात आफ्रिकेतील रानटी भाताचे. दाण्याची चव तीच ठेवून २००८ साली ती सुधारित जात शेतकऱ्यांना मिळाली. तीन कुलपे एकदम उघडणे रोगाला अवघड, हा त्यामागचा विचार. चीनच्या युनान प्रांतात तर याहून साधा मार्ग अवलंबण्यात आला. करप्याला बळी पडणाऱ्या उंच चिकट भाताच्या ओळी करप्याला दाद न देणाऱ्या ठेंगण्या संकरित भाताच्या ओळींमध्ये लावल्या. नवे बियाणे नाही, नवे औषध नाही. त्या चिकट भातावरचा करपा स्वतंत्र लागवडीच्या मानाने ९४ टक्क्यांनी कमी आढळला, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे. रोगाला शेजारी सजातीय लागतो. तो मिळाला नाही की त्याची निम्मी बीजे वाटेतच वाया जातात. आमच्या पूर्वजांनी पोफळीत माड, केळ, मिऱ्याची वेल, जायफळ, अननस लावून कुळागर उभे केले ते या हिशेबाने नसेल, पण त्यांना नुसत्या एका पिकाचा मळा करावासा वाटला नाही ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. आता मिश्र बागा तोडून सरसकट पोफळी लावण्याची टूम निघाली आहे, तिच्याविषयी म्हणूनच आम्हांला धास्ती वाटते.

तर मग सुपारीची अशी जात का निघू नये? सर्वात मोठी अडचण काळाची. भाताची पिढी चार-पाच महिन्यांची, पोफळीला पहिला घड यायलाच पाच-सात वर्षे. संकर करावा, लावावा, फळ येईतो थांबावे, मग कोळेरोगाच्या दोन-चार पावसांत त्याची परीक्षा घ्यावी, म्हणजे एका संशोधकाची नोकरी दोन पिढ्यांत संपते. १९५६ साली कर्नाटकात विट्टल येथे सुपारी संशोधन केंद्र सुरू झाले. मंगला, सुमंगला, मोहितनगर अशा अधिक उत्पन्नाच्या जाती तेथून मिळाल्या. हिरेहळ्ळीच्या ठेंगण्या सुपारीशी संकर करून बुटक्या जातीही निघाल्या. फवारणीच्या दृष्टीने या ठेंगण्या जातींचे मोल मोठे आहे, कारण ज्या झाडाला जमिनीवरून हात पोचतो त्याचे रक्षण गड्याविना होते. पण कोळेरोगाला खात्रीने तोंड देणारी सुपारी आजही बागायतदाराच्या हाती नाही, आणि जो कोणी तशी रोपे म्हणून विकत असेल त्याच्यापासून सावध राहणे बरे.

म्हणून शोध थांबवावा असे मात्र नाही. दर कुळागरात जुना जाणता माणूस एखाद्या पोफळीकडे बोट दाखवतो: चहूकडे सडा पडला तरी हिचे घड उभे राहतात. यांतल्या पुष्कळ पोफळी केवळ नशिबाने वाचलेल्या असतील. कोणी उंचवट्यावर असेल, कोणाला सकाळचे ऊन मिळत असेल. पण शंभरांतली एखादी खरोखरच आतून कणखर असू शकते. ती कोणती, हे एका पावसात कळत नाही. पाच पावसांत कळते. जुने गोवे येथे १९७६ पासून केंद्रीय कृषी संशोधनाचे ठाणे आहे. ते आरंभी कासारगोडच्या संस्थेच्या छत्राखाली होते आणि १९८९ पासून स्वतंत्र आहे. फोंडा, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण येथील बागायतदारांनी दाखवलेल्या अशा पोफळींवर खुणा करून, पाच वर्षे त्यांची नोंद ठेवून, टिकतील त्यांच्या बियाण्याची रोपवाटिका करणे या संस्थेला आणि कृषी संचालनालयाला मिळून अशक्य नाही. खर्च थोडा आहे. चिकाटी मात्र पुष्कळ लागेल, आणि निवडणुकीच्या मुदतीत तिचे फळ दिसणार नाही, ही अडचण आम्ही जाणून आहोत.

दरम्यान पाऊस थांबत नाही, आणि म्हणून आम्ही त्या वाळक्या काळ्या घडाकडे परत येतो.

कोणत्याही वाड्यावर गेले तर दोन-चार कुळागरे अशी दिसतील की ज्यांत वर्षानुवर्षे कोणी पाऊल टाकलेले नाही. मालक मुंबईला वा परदेशी, किंवा भाऊबंदकीचा दावा कोर्टात, किंवा कूळ आणि भाटकार यांचे भांडण मिटलेले नाही. कोर्टाचा मनाई हुकूम माणसाला लागू होतो, कोळेरोगाला होत नाही. त्या बागेत गळलेली सुपारी कुजते, वाळके घड शेंड्याला तसेच राहतात, पाट बुजलेले असतात, आणि मृगाच्या पहिल्या वादळात तेथून बीजे उडून शेजारच्या बागेवर पडतात. शेजारी बिचारा वेळेवर फवारणी करणारा, चाकू धरून पाहणारा. त्याचे चिलखत एका बाजूने धुऊन जाते आणि दुसऱ्या बाजूने हल्ला अखंड चालू राहतो. चार वर्षे असे झाले की तोही कंटाळतो, आणि वाड्यावरची टाकलेली बाग एकाची दोन होते.

एकाच्या हयगयीने सर्वांचे नुकसान होते अशी कामे एकेकट्याने करावयाची नसतात, हे या भूमीला कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. आमच्या खाजन शेतांचे बांध काय एकेकट्याने राखले? गावकरीने आणि भौंसाने ते शतकानुशतके राखले, कारण कोणाही एकाच्या हिश्शात खेकड्याने पाडलेले भोक साऱ्या खाजनात खारे पाणी आणते. बांध फुटला म्हणजे कोणाच्या शेताजवळ फुटला हे पाहत बसायचे नाही, घरटी माणूस जायचा, असा तो रिवाज होता. कूळकायद्यानंतर त्या व्यवस्थेचे काय झाले आणि बांध कसे झाले हा वेगळ्या अग्रलेखाचा विषय आहे, आणि त्यात सगळ्यांच्याच वाट्याला थोडे दूषण येईल. पण खाजनाला जो न्याय तोच कुळागराला का नसावा? पोफळीच्या शेंड्यावरचा वाळका घड म्हणजे बांधातले भोकच आहे.

यासाठी कायद्याचा आधार नवा शोधायला नको. १९१९ साली मद्रास इलाख्यात झालेल्या कृषी कीड व रोग अधिनियमात अशी तरतूद होती की, अधिसूचना निघाल्यावर जमीनधारकाने ठरावीक उपाय केलेच पाहिजेत, आणि त्याने ते न केल्यास सरकारी अधिकाऱ्याने आत जाऊन ते करून खर्च त्याच्याकडून वसूल करावा. आम्ही दंडुक्याचे चाहते नाही. गावोगावी अधिकारी पाठवून नोटिसा चिकटवण्यात ज्यांना आनंद वाटतो त्यांच्या हाती हे हत्यार देताना आम्हांला विचार करावा लागेल. पण ज्या बागेचा धनीच जागेवर नाही किंवा धनी कोण हेच ठरलेले नाही, तिच्या बाबतीत विनंती तरी कोणाला करावयाची? तेथे पंचायतीने माणसे पाठवून मार्च-एप्रिलमध्ये वाळके घड उतरवून घ्यावेत, पाट मोकळे करावेत, फवारणीही करावी आणि तो खर्च जमिनीवर बोजा म्हणून नोंदवावा. दावा जिंकणारा तो फेडील. मालकीच्या हक्काला यात धक्का लागत नाही. उलट दावा संपेतो झाडे जिवंत राहतात, हे दोन्ही पक्षांच्या हिताचेच आहे.

राहिला माणसांचा प्रश्न. सहकारी संस्थांनी वाड्यावाड्यांतून चार-सहा जणांची पथके उभी करावीत, त्यांना लांब काठ्या आणि पंप द्यावेत, अपघाताचा विमा उतरवावा आणि मजुरी अशी द्यावी की तो धंदा करण्याची लाज वाटू नये. पथक एका टोकाने सुरुवात करून साऱ्या वाड्याची फवारणी आठवडाभरात आटोपील, कोणाची बाग लहान, कोणाची मोठी हे न पाहता. नुकसानभरपाईवर जाणाऱ्या पैशांतला काही भाग इकडे वळवला तर पुढच्या वर्षीची भरपाई आपोआप कमी होईल, हे हिशेबनिसाला पटवून देण्याची जबाबदारी कृषिमंत्र्यांची. शिवाय घाटापलीकडे शिवमोग्गा आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत सुपारीच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या आणखी एका रोगाने बागा हैराण केल्या आहेत. रोपे त्या बाजूने इकडे येतात, तपासणी होत नाही. वाड्यावरचे पथक असेल तर पहिला ठिपकाही त्यालाच दिसेल.

तांब्याचेही एक सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे शिंपडलेले तांबे जमिनीत साठते आणि गांडुळांना व मातीतल्या सूक्ष्म जीवांना ते मानवत नाही. युरोपने म्हणूनच २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. याचा अर्थ बोर्डो टाकून द्यावे असा नव्हे. आतून भिनणारी नवी औषधे आली तेव्हा तोच सल्ला कोणी कोणी दिला होता, आणि १९८० साली आयर्लंडमध्येच बटाट्यावरच्या रोगाने त्यांतल्या एका गाजलेल्या औषधाला दाद देईनासे केले. तांब्याला मात्र या कुळीने अजून हरवलेले नाही. अर्थ एवढाच की तांबे मोजून, वेळेवर आणि घडावरच पडावे. वाळके घड उतरवलेल्या, पाट वाहत्या असलेल्या बागेत दोन फवारण्यांत काम भागते. गलथान बागेत चार करूनही भागत नाही.

सुपारी काढणी संपली की बागायतदाराला थोडी उसंत असते आणि पंचायतींच्या ग्रामसभाही त्या सुमारास भरतात. वाड्यावरील टाकलेल्या कुळागरांची यादी, सर्व्हे क्रमांकासह, त्या सभेपुढे ठेवावी आणि वाळके घड उतरवण्याची तारीख तेथेच ठरवावी, अशी सूचना आम्ही बागायती गावांतल्या पंचांना करतो. मोरचूद आणि ताजा चुना विभागीय कार्यालयांतून मेच्या पहिल्या आठवड्यात मिळू लागेल, एवढे कृषी संचालनालयाने पाहावे. आषाढात पोचलेल्या मोरचुदाने गोदामाच्या भिंती तेवढ्या निळ्या होतात.